डावं-उजवं

अमोनूसक नदीच्या वळणावर, गवताच्या जुन्या कोठारात
ऑर्विल टिबेट्स दर रविवारी सामान मांडतो:
दुधाच्या किटल्या, गंजक्या घसरगाड्या,
आणि बुटांच्या खोक्यात उभा रचलेला जगाचा प्रवास.
काहिरा पन्नास सेंट. व्हेनिस जरा महाग.
आल्प्सला कसर लागलीय, म्हणून फुकट.

मी अक्रोडी स्टिरिओस्कोप कपाळाला टेकवते.
झिजलेल्या मखमलीला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास.
पट्टीवर कार्ड सरकवते, पुढे, थोडं मागे,
तपकिरी जुळी चित्रं एकमेकांत शिरतात
आणि पिरॅमिड अंगावर येतो.

मग हे एक. पोर्टलंडचा धक्का,
रुमाल हलवणारी माणसं, लांबवर जहाज.
पण काहीतरी फसलंय.
माणसं खोल गेलीत, भोकात बसवल्यासारखी,
आणि क्षितिजावरचं जहाज
त्यांच्याही अलीकडे, माझ्या नाकासमोर.

"ते बाद आहे," ऑर्विल म्हणतो.
"कारखान्यातल्या पोरी फोटो मधोमध कापायच्या,
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, मग खळ.
ही विसरली. दिवसाला शेकडो, विसरणारच."

मी कार्ड उलटते.
छापील प्रवासवर्णनाखाली, पेन्सिलीने, दाबून:
चूक नाही. फिलेना.

बस, एवढंच. आडनाव नाही, साल नाही.
खळीने फुगलेली बोटं मीच तिला देते,
खिडकीबाहेर लाकडाची वखार देते,
आणि हातांखालून दिवसभर जाणारे
जेरुसलेम, क्योटो, नायगारा.
जहाजात कोण होतं, ते मात्र मला देता येत नाही.
भाऊ असेल. किंवा असा कुणी,
ज्याचं नाव पाठीवरही लिहवलं नाही.
कात्री चालवून झाल्यावर
तिने दोन्ही तुकडे क्षणभर हातात धरले असतील
आणि होते तिथेच ठेवले.

"दोन डॉलर," ऑर्विल म्हणतो. "जाऊ दे, एकच."
त्याचा डावा डोळा लहानपणीच गेला,
बर्फाच्या गोळ्यात कुणीतरी दगड घातला होता.
चाळीस वर्षं तो ही खोली विकतोय
आणि त्याला सगळं सपाट.
"सांग तरी, दिसतं कसं?"

मी डोळे काढत नाही.
"जहाज लागतंय धक्क्याला," मी सांगते.
"माणसं मागे सरकलीत जरा,
वाट द्यायला."