शंभर पॉइंट चार

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: शंभर पॉइंट चार.
त्याच्या वर गेला की घरी थांबायचं नाही,
गोळी देऊन वाट बघायची नाही,
तासाभरात सुई लागली पाहिजे.

रात्री पावणेदोनला शंभर पॉइंट सहा.
तू म्हणालास, परत लाव,
त्याची पण बॅटरी गेली असेल माझ्यासारखी.
परत लावला. शंभर पॉइंट आठ.

शिवडीहून परळ, रस्ता मोकळा,
टॅक्सीवाल्याने आरशात तुझं डोकं बघितलं
आणि मीटर टाकलंच नाही.
नऊ मिनिटं.
त्यानंतर सात तास.

पलंग नव्हता. स्ट्रेचर होतं, त्याचं एक चाक फिरत नव्हतं.
रक्त नेलं. रिपोर्ट पहाटे.
रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर वरच्या मजल्यावर,
डॉक्टर आले तेव्हा फाइल खालच्या.
फाइल सापडली, सिस्टिम बंद.
बसा, सांगतो.

हे वाक्य मला पाठ आहे.
वॉर्ड ऑफिस, खिडकी क्रमांक तीन, जन्ममृत्यू नोंद.
एकोणीस वर्षं मीच म्हणत आलेय,
समोर न बघता, कपावरची बशी काढत:
सिस्टिम बंद आहे. साहेब मीटिंगला आहेत. उद्या या.

पांढऱ्या पेशी दोनशे.
तू मास्कच्या आतून म्हणालास,
चाळीच्या गणपतीला यापेक्षा जास्त वर्गणी जमते.
मी हसले नाही. तू हसलास आणि ओठ फुटला.
जिभेवर फोड, गालाच्या आत फोड,
स्टीलच्या चमच्याला गंजाची चव येते म्हणून
आइस्क्रीमचे लाकडी चमचे मी धुऊन ठेवलेत,
पेजेत मीठ नाही, तरी झोंबते.
प्रभंजन तुझं नाव. वजन एकेचाळीस.
कागदावर दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं होतं.

साडेसहाला माझ्या शेजारचा माणूस ओरडला.
जळगावहून आलेला, बायको फरशीवर निजलेली.
खरंच बोलत होता, सगळं खरं.
मी मात्र गप्प बसले,
कारण ओरडणाऱ्याची फाइल कुठे जाते ते मला माहीत आहे.
तळाशी.
मीच घातल्यात.

आठला खिडकीवर गेले.
आत एक मुलगी, केस ओले, बिस्किट चहात बुडवत.
म्हटलं, चहा होऊ दे तुमचा, मग बघा.
आवाज कसा ठेवायचा, तेवढं जमतं मला.
तिने वर बघितलं. बिस्किट तुटून कपात पडलं.
तळाची फाइल वर आली, तुझी.
जळगाववाल्याची कुठे गेली, मी विचारलं नाही.

पावणेनऊला पहिला थेंब पडला नळीत.
तू विचारलंस, किती वाजले?
म्हटलं, आत्ताशी पाच.
तू डोळे मिटलेस. खिडकीत ऊन भरलेलं होतं,
तुला दिसलं असणार.

चौथी किमो तीन आठवडे पुढे गेली.
कॅलेंडरवर खोडलं, पुढे लिहिलं, पेन्सिलीने.

सोमवारी कामावर गेले.
अकराला तुझा मेसेज: अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, पेज खाल्ली, अर्धी.
सिस्टिम खरोखर बंद होती.
खिडकीबाहेर एक म्हातारा, हातात चार घड्यांचा कागद,
घड्यांवर तो फाटायला आलेला.
मी म्हणाले, बसा, सांगते.

तो इकडेतिकडे बघत राहिला.
मग मीही उठून, काचेला कपाळ लावून, बघितलं.
माझ्या खिडकीसमोर बाकडंच नाही.