सोळावा हात

टायटॅनियमची जाळी आधी ऑक्झॅलिक आम्लात उकळायची.
चकाकी गेली पाहिजे. गुळगुळीत अंगाला काही चिकटत नाही,
असं सलाउद्दीन परकार पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि माझ्या नव्या बुटांकडे बघून हसले.

गावाचं नाव सूर. ओमानच्या कडेला.
आईला फोनवर वाटलं, मी थट्टा करते आहे.

मग ब्रश.
क्लोरोइरिडिक आम्ल, ब्युटेनॉलमध्ये विरघळवलेलं,
काकवीसारखं तांबूस-काळं.
बाटली तिजोरीत असते, आमच्या पासपोर्टांशेजारी.
थेंब सांडला तर फॉर्म भरायचा.
माणूस पडला तरी तोच फॉर्म,
रकाना वेगळा.

एक हात द्यायचा. वाळवायचा.
भट्टी चारशे ऐंशीवर, दहा मिनिटं.
क्लोराइड जळून जातं, घसा धरतो,
मागे उरतो तो ऑक्साइड, निळसर काळा,
बोट फिरवलं तर बोटाला न लागणारा.
एका इरिडियमभोवती सहा ऑक्सिजन.
खालच्या टायटॅनियमवरची साय, तिचीही घडण तशीच,
म्हणून दोघं एकमेकांना धरून असतात.
मी हे फळ्यावर काढून दाखवलं.
परकार म्हणाले, बरं. आता दुसरा हात दे.

ते 'कोट' म्हणत नाहीत. हातच म्हणतात.
हर्णैला होडीला मुशीचं तेल द्यायचे, तसा.
जुमा अल-अलवी, आमचा पर्यवेक्षक,
त्याच्या आजोबांनी इथल्याच वाळूवर जहाजं बांधली.
तोही म्हणाला, तेल मुशीचंच. वास महिनाभर जात नाही.
मग दोघं त्या वासाबद्दल इतका वेळ बोलले
की चौथा हात भट्टीत तीन मिनिटं जास्त राहिला.

जाळी जाते पंपघरात, समुद्राच्या तोंडाशी.
खाऱ्या पाण्यातून वीज सोडली की मिठातला क्लोरीन सुटतो,
पाण्यात मिसळतो, आणि नळांत कालवं बसत नाहीत.
तेवढ्यावर सगळ्या गावाचं गोडं पाणी.
इरिडियम चाराचा पाच होतो, इलेक्ट्रॉन सोडतो,
पुन्हा चार. सेकंदाला किती वेळा, ते मोजणं
मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.
थोडं थोडं तो विरघळतोही.
कुठे जातो? समुद्रात. किती?
माझ्या यंत्राला दिसत नाही इतकं.

मार्चमध्ये सात नंबरची जाळी परत आली.
दाब चढत होता, वीज पुढे जाईना.
वरचा काळा थर मात्र जागच्या जागी.
परकारांनी कोपरा खरवडला, भिंगातून बघितलं.
आतून बंद झालीय, म्हणाले.
टायटॅनियमनं थराखालीच स्वतःभोवती कवच धरलं होतं,
वीज अडवणारं, राखाडी, केसाहून पातळ.
बावीस वर्षांत असं तीनदा बघितलं, म्हणाले.
चौथ्याबद्दल काही बोलले नाहीत.

त्यांची साठी जुलैत भरली. व्हिसा ऑगस्टपर्यंत.
शेवटची जाळी त्यांनी पंधरा हातांपर्यंत आणली.
पंधरावा सुकत असताना हातमोजे काढून
त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला, दांडा माझ्या बाजूला करून,
लहान मुलाला सुरी देतात तसा.

मी सोळावा दिला.
घाई केली असेल. ब्रशचा एक केस सुटला,
ओल्यावर बसला आणि मला भट्टीनंतर दिसला.
केस जळून गेलेला. जागी एक रेघ, उजळ,
तिरपी, अर्ध्या बोटाएवढी.

वजन घेतलं. वाढ बरोबर.
विद्युतदाब बरोबर.
फॉर्ममध्ये 'दृश्य दोष' असा रकाना आहे.
जुमानं जाळी खिडकीशी उचलून धरली.
तिच्या छिद्रांतून बंदर दिसत होतं,
दुरुस्तीला उभं केलेलं एक जुनं लाकडी जहाज,
आणि पोटावर ताजं काही चोपडणारा एक माणूस.
जुमानं रेघेवरून अंगठा फिरवला.
हा कुणाचा हात? त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत
परकार म्हणाले, माझा.
जुमानं सही केली.