साठ नंबरचा दगड

गाढव नाक्याला पिठाच्या गिरणीला टेकून
माझी टपरी, रुंदी साडेतीन फूट.
गिरणी चालू असली की मी कुणाच्या मोबाईलला काच लावत नाही.
पिठाचा एक कण खाली गेला
की वर बुडबुडा धरतो,
आणि गिऱ्हाईक तो नखाने दाबत दाबत
भांडायला परत येतं.
थांबा म्हणते. बाजरी संपू दे.

आठ वर्षांत स्क्रीन वाचायला शिकले.
वरच्या कडेला एकच रेघ, खोल, तिरकी:
हिऱ्याची कुडी. बाई फोनवर फार वेळ बोलतात.
बाकी सगळे किल्ल्यांना दोष देतात.
किल्ली बिचारी पितळेची, काचेपुढे मऊ.
करते ती वाळू.
गोराईला जाऊन आलात ना, ती अजून आहे
खिशाच्या शिवणीत,
चार धुण्यांनंतरसुद्धा.
खिसा उलटा करा, झटका.
मोबाईलला वेगळा खिसा द्या, स्क्रीन मांडीकडे.
पुसताना आधी फुंकर, मग फडकं.
हे मी फुकट सांगते
आणि आई म्हणते, अगं, मग काच घेणार कोण?

टूथपेस्ट घासून आलेले लांबूनच कळतात.
स्क्रीनला लवंगेचा वास,
ओरखडा जिथल्या तिथे
आणि त्याच्याभोवती मोतीबिंदू.

ढेबेकाका आले ते सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला.
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.
आज कसलं दळण, म्हणणार होते,
तर ती संगमरवराची भुकटी.
मुलुंडच्या टॉवरमध्ये लाद्यांना पॉलिश मारतात,
एकतिसाव्या मजल्यावर आलेत.

त्यांच्या स्क्रीनवर, मधोमध,
अंगठ्याने खरवडलेला इंग्रजी झेड.
रोज उघडायचा पॅटर्न, हाताला भुकटी, तीन वर्षं.
म्हटलं, काका, ही तर चोराला दिलेली चावी.
म्हणाले, आत आहे काय?
लाद्यांचे फोटो.

जाईल का हा?
नाही, म्हटलं. ओरखडा जात नसतो.
जातो की, म्हणाले,
आणि माझ्या काउंटरवर गोल गोल अंगठा फिरवत राहिले.
आधी साठ नंबरचा दगड. लादी नुसती ओरडते.
मग एकशेवीस. दोनशेवीस. चारशे.
प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे खातो
आणि आपले ठेवून जातो, जरासे बारीक.
शेवटी इतके बारीक
की डोळा हात टेकतो
आणि शेठ म्हणतो, वा, काय चमक आहे!

मी गप्प.
आठ वर्षं चमक विकतेय,
ती कशाची बनते हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग घासूया का हाही, मी विचारलं.
नको, म्हणाले. लादीला अंगात मांस असतं.
हे पापड.

मग मी माझं काम केलं.
स्पिरिट. चिकटपट्टीने धूळ उचलली. श्वास धरून काच सोडली.
गोंद पसरत गेला, झेडच्या रेघांत भरला,
एक टोक, मग तिरपी, मग दुसरं टोक,
आणि दिसेनासा झाला.
आहे पण.
काकांनी न बघता अंगठा फिरवला
आणि आतून एक काळी कडप्पा उघडली, आरशासारखी,
तिच्यात फोटो काढणारे स्वतः, उलटे.

शंभर झाले. ऐंशी दिले.
जाताना त्यांच्या खिशातून
मीच झटकून घेतली भुकटी, रस्त्यावर.

सतरा दिवसांनी परत.
गिरणी चालू, म्हणून बाकावर बसले ज्वारी संपेपर्यंत,
पांढऱ्यावर आणखी पांढरे होत.
मोबाईल पुढे केला.
नव्या काचेवर तोच झेड,
उजेडात तिरका धरला तर दिसेल असा.

दोनशेवीस, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा लावला, बघितलं.
छे. चारशे धर.