बेंबीच्या डावीकडे

बेंबीच्या डावीकडे जायफळाएवढी गाठ,
उजवीकडे तिची धाकटी बहीण.
नऊ वर्षं मी त्यांनाच टोचत आले,
कारण तिथं दुखत नाही.
सवयीची जागा ती,
म्हार्दोळला देवळासमोरच्या माझ्या कोपऱ्यासारखी,
पाटी ठेवली की बूड आपोआप टेकतं.

आमच्यात फुलाला सुई लावत नाहीत.
जाईची कळी केळीच्या ओल्या दोरात अडकवायची,
टोचायची नाही.
लग्नानंतर सासूनं माझ्या हातातली सुई काढून घेतली होती
आणि माडाच्या बुंध्यात खोचली होती.

आता मी एक सुई महिनाभर चालवते.
बोथट झाली की जरा जोर.
किती दिवस वापरता? सिस्टर एस्पेरान्सानं विचारलं.
तीन, मी म्हटलं.
तिनं मान हलवली, पुढं काही विचारलं नाही.
पोटावर साबणाचं पाणी लावलं,
माझीच बोटं धरली आणि फिरवली,
डोळे मीट म्हणाली.
तेव्हा लागली. कातडीखाली, रबरासारखी,
कुणाला न सांगता वाढलेली.

औषध इथं अडकून बसतं, बाय.
कधी झिरपतं, कधी नाही.
म्हणून तीनशे, म्हणून साठ.

आणि सगुण डबे मोजायचा!
चोरून खातेस म्हणायचा, साखरेचा आकडा वाचून.
नाताळात कार्मेलीनकडचं दोदोल सोडलं
तर मी काही खाल्लं नव्हतं.
(दोन तुकडे. बरं, तीन.)

नव्या जागी कळ थेट दाढेपर्यंत गेली.
आणि सिस्टरनं डोस कमी करून दिला होता
तेच मी विसरले, जुना आकडा घेतला.
रविवारी गजरा देता देता
एकेका कळीच्या दोन दोन झाल्या,
घामानं चोळी भिजली,
गिऱ्हाईक पैसे धरून उभं.
रसवंतीच्या रोझारियोनं ग्लास दातांना लावला.
उसाचा रस, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर.
सगुणसमोरही.

आता दर वेळी बोटभर पुढं सरकते,
दोन कळ्यांत ठेवते तेवढं अंतर.
गाठी जातील का?
महिने लागतील, सिस्टर म्हणाली,
आणि कदाचित थोड्या राहतीलही.

रात्री दिवा न लावता टोचायची सवय जात नाही.
हात आपोआप डावीकडे वळतो,
दुखत नाही तिकडं.
मी त्याला उचलून बाजूला ठेवते,
पोराला चुलीपासून ठेवावं तसं.