मोड

मदान्त्सानेच्या टॅक्सीतळामागे
पत्र्याच्या आडोशाला
नोझिबेले मेंढीची मुंडकी भाजते.
सळई लाल झाली की गालांवरनं फिरवते.
लोकर चर्रकन जळते, ओठ मागे सरतात,
मुंडकं हसायला लागतं.
नावच पडलंय त्याचं, स्मायली.
अर्धं घेणार असाल
तर जीभ कुणाची ते आधी ठरवा,
भांडणं तिथंच होतात.

समोर मी चपला शिवतो.
माझ्या खिळ्यांनाही तिच्याच धंद्याचा वास.

सहाच्या टॅक्सीत ती चढली
की शेजारची जागा रिकामी राहते.
लोक पुढच्या गाडीला थांबतात, पण तिथं नाही बसत.
ती म्हणते, बरंय, पातेल्याची सोय झाली.

मग भाडं निघतं, मागून पुढं, हातोहात.
तिची नाणी,
काजळलेली, चरबीनं निसरडी,
नर्सबाईच्या तळव्यावरून
गणवेशातल्या पोरीकडं,
तिथून चर्चच्या पांढऱ्या हातमोज्यात,
मग ड्रायव्हरपाशी.
मोड त्याच वाटेनं मागं.

काल दोन रँड कमी आले
तर अख्खी गाडी उठली तिच्यासाठी भांडायला,
नाकाला रुमाल लावून.