कोपराखाली काही नको

वूल्व्हरहॅम्प्टन, हाडांचा विभाग.
बेसिनवर पाटी: कोपराखाली काही नको.
घड्याळ नको, अंगठी नको, बाही नको.
आईनं ओवलेलं मण्यांचं कडं मी खिशात टाकते
आणि साबण कोपरापर्यंत नेते.

आज वर्षाचं प्रशिक्षण.
चिकट मलम हाताला चोळायचं, हात धुवायचे,
मग खोक्यातल्या जांभळ्या दिव्याखाली धरायचे.
जिथे नीट धुतलं नाही, तिथे चमकतं.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात
आईच्या हातावर अशीच शाई लावली होती,
न दिसणारी.
थोकोझातली रांग मैदानाला वळसा घालून
कोळशाच्या वखारीपर्यंत गेलेली,
मी सहा वर्षांची, तिच्या झग्याला धरून.
रात्री ती मेणबत्तीपाशी हात उलटासुलटा करीत बसली.
‘आहे ना गं? तुला दिसते का?’
मी हो म्हणाले.
आयुष्यातलं पहिलं खोटं मी लोकशाहीसाठी बोलले.

पुढे घर मिळालं. दोन खोल्या, नळ अंगणात.
नाही कशाला म्हणू, मिळालं.
शाळा मिळाली, गोऱ्या मुलींची.
तिथे इंग्रजी अशी काही जिभेवर बसली
की गल्लीतली पोरं मला नारळ म्हणायला लागली,
वरून तपकिरी, आतून पांढरा.
बाकी सगळा गूळ कोपराला लावलेला.
माझा भाऊ म्थुन्झी
अजून मान वाकडी करून जीभ पोचते का बघतो.

दोन हजार आठ साली हाच म्थुन्झी
रस्त्यात माणसं अडवून, कोपर पुढे करून विचारत होता,
याला झुलूत काय म्हणतात?
ज्याला सांगता आलं नाही तो परका.
ज्याची जीभ सांगताना अडखळली, तोही.
साधा शब्द आहे, इन्डोलोल्वाने,
मळ घासता घासता आई शिकवते तो.
त्या आठवड्यात त्याच्या शर्टाला रॉकेलचा वास होता.
आईनं शर्ट न बोलता भिजत घातला.
मी पलीकडच्या खोलीत
नर्सिंगच्या परीक्षेसाठी हाडांची नावं पाठ करत होते.
मोठ्यानं.

शेजारच्या बेसिनला रुतेंडो आहे. झिम्बाब्वेची.
फॉर्मवर आम्ही दोघी एकाच चौकोनात,
ब्लॅक आफ्रिकन, एका खुणेत भागतं.
पेशंट विचारतात, बहिणी का तुम्ही?
ती म्हणते, हो, बाप तेवढे वेगळे.
एकदा कँटीनमध्ये चहा ढवळत म्हणाली,
‘तुमचा तो शब्द येतो मला.’
आणि म्हणून दाखवला.
स्वच्छ. माझ्याहून स्वच्छ.
जर्मिस्टनच्या चर्चमध्ये, जमिनीवर, सहा रात्री घोकलेला.
मी विचारलं नाही, कशासाठी.
मी म्हटलं, साखर दे जरा.

मागच्या ऑगस्टात इथल्या दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या.
वरून निरोप आला, बाहेर पडताना बिल्ले काढा,
एकेकट्या जाऊ नका.
आम्ही बसस्टॉपपर्यंत हातात हात अडकवून चाललो.
वाटेत म्थुन्झीचा फोन,
‘विजेचे पैसे संपले, पाठव.
आणि ऐक, इथे परत हे लोक आपली कामं खातायत.’
‘कुठले लोक?’
‘बाहेरचे.’
पलीकडच्या फुटपाथवर तीन जण थांबून
आमच्याकडे बघत होते.
मी मनातल्या मनात इंग्रजी शब्द घोकत होते,
कुठला विचारतील ते कळेना.
पैसे मी पाठवले. घरी पोचल्यावर.

आता माझा नंबर.
हात दिव्याखाली. बोटांच्या बेचक्यात, मनगटाशी,
कोपराच्या घडीत
निळंपांढरं उजळतं.
‘हे बघ, इथे राहिलंय,’ शिकवणारी म्हणते.
मी हात लगेच काढत नाही.
आहे गं आई. दिसते.

‘चल, परत धू,’ म्हणते रुतेंडो
आणि कोपरानं माझा नळ उघडते.