जमायलंय

पुण्याची माणसं हसतात आमच्या क्रियापदाला.
काय करायलीस? जेवायलेय.
कुठं निघायलास? इथंच, चौकात जायलोय.
माझा भाचा श्रीशैल चार वर्षं तिकडं राहिला
आणि दिवाळीला आला की
मुद्दाम आमच्यासारखं बोलून दाखवतो.

हसू दे.
मनगट मोडलं त्या साली
हात द्यायला हेच क्रियापद आलं.

प्लास्टर उतरलं तेव्हा एप्रिल होता.
विडी घरकुलात पत्र्याखाली
दुपार नुसती शिजत होती.
सूप मांडीवर घेतलं, पान कापलं,
आणि बोटांना पुढची घडीच आठवेना.
एके काळी दिवसाला हजार वळायचे,
बोलत, भांडत, पोराचा अभ्यास घेत.
त्या संध्याकाळी एकशे चाळीस.
कारखान्यात साठ छाट निघाल्या.
चेकरनं माझ्यासमोर मोडून टोपलीत टाकल्या,
आणि मी रिक्षाचे पैसे वाचवत
चालत घरी येईपर्यंत
स्वतःलाही त्याच टोपलीत टाकून आले.

जमत नाही. जमणार नाही. संपलं.
भाकरी थापताना हेच,
अंथरूण घालताना हेच.

शेजारची राजव्वा चिलका,
घरात तेलुगू, दारात मराठी,
शेंगा भाजता भाजता म्हणाली, "दुखायलंय का?"
मी म्हटलं, "नाही, ठीक आहे."
"खोटं कशाला बोलायलीस?
दुखायलंय म्हण की मोठ्यानं.
हाताला कळू दे,
घरातल्या कुणीतरी ऐकलंय म्हणून."

म्हटलं.
आणि रडले,
डोळ्यात तंबाखू गेली असं न सांगता.

तिनं कढई उतरवली.
"आता दुसरं.
'जमत नाही' म्हणू नको.
'जमेल' पण नको, ती उधारी झाली, उद्याची.
जमायलंय म्हण."

मला पटलं नाही, खरं सांगते.
शब्दानं काय विडी वळते?
पण लाइटबिलाच्या पाठीवर लिहीत गेले.
एकशे ऐंशी. जमायलंय.
दोनशे दहा. जमायलंय.
दोनशे पाच.
जमायलंय, पाचनं रुसायलंय.
एका मंगळवारी नव्वद.
त्या दिवशी जमायलंय लिहिलं नाही.
लिहिलं: राग यायलाय.
कागदानं काही उलट विचारलं नाही.
बुधवारी त्याच्याच खाली दोनशे साठ.

हजार आता होत नाहीत.
सहाशेवर हात थांबतो, मी थांबू देते.
छाट अजून निघते,
पण टोपलीत विड्याच जातात फक्त.

परवा रात्री श्रीशैलचा फोन.
तिसऱ्या कंपनीनं नको म्हटलं.
शुद्ध, धुतलेल्या मराठीत म्हणाला,
"माझ्याकडून काहीच होत नाहीये, मावशी."
ओठावर आलं होतं, होईल रे, काळजी करू नको.
गिळलं.
विचारलं, "वाईट वाटायलंय का?"

पलीकडं बराच वेळ फक्त पंखा.
मग लहानपणीच्या आवाजात, नक्कल न करता,
"वाटायलंय."